बुंध्याशी ठेवलेलं एक पील

हे सुट्टी संपवून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले, तर केळीच्या बुंध्याशी एक पील उभं. हातभर उंच, अरुंद पानांचं, चांगलं तरतरीत. बाकीची सगळी पिलं जमिनीलगत छाटलेली होती, छाटलेल्या जागी अजून पाणी दिसत होतं. हे एकच तेवढं शिल्लक. आणि ते चुकून राहिलेलं नव्हतं. चुकून राहिलेलं पील आणि मुद्दाम ठेवलेलं पील यातला फरक आमच्या घरात सहा वर्षांच्या पोरीलाही कळतो. ठेवलेल्या पिलाभोवती माती ओढून सारखी केलेली असते. इथे ती केलेली होती.

मी ओली चादर खांद्यावर तशीच घेऊन उभी राहिले. मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि पुढे दोन महिने ती काही गप्प बसली नाही.

ज्यांच्या घरात फौजी नाही आणि ज्यांच्या शेतात केळी नाही, त्यांना एवढ्याशा पिलाची भीती कळायची नाही, म्हणून सांगते. माझं सासर केळीवालं. तापीकाठचं शेत मोठे दीर बघतात, ते गावातच राहतात. शहरात, राजपुरा मोहल्ल्यात, तीन खोल्यांचं घर आहे. तिथे सासूबाई, म्हणजे आमच्या आई, मी आणि माझी मुलगी. हे फौजेत. लग्नाआधी यांची पलटण पहिल्यांदा वर गेली, वर म्हणजे फील्डवर, तेव्हा आईंनी शेतातून केळीचा एक कंद आणून या अंगणात लावला. नवस वगैरे काही नव्हता. पोरगा कधी परत येईल याचा त्यांना अंदाज बांधायचा होता आणि कॅलेंडरवर त्यांचा विश्वास नाही. फील्ड साधारण दोन वर्षांची. केळीचा पहिला घड यायला वर्षभर लागतं. तो उतरवला की बुंध्याशी आलेल्या पिलांतलं एक जोमदार पील ठेवायचं, बाकीची काढायची. ठेवलेल्या पिलाची पुन्हा केळ होते, तिला आम्ही पिलबाग म्हणतो, आणि तिचा घड दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला उतरतो. तोवर पोरगा खाली येतो. मग मात्र एकही पील ठेवायचं नाही. सगळी काढायची. पुन्हा वर गेला तर त्याच कंदाचा नवा कोंब राखायचा, आणि तो कायमचा खाली आला की कंदही खणून फेकायचा.

“त्याचं वर जानं मुळासकट गेलं पायजे,” असं आईंचं म्हणणं.

त्या सुट्टीत पिलबागेचा घड उतरला होता. यांची दोन वर्षं भरत आली होती. दोन महिन्यांनी अख्खी पलटण पीसला, म्हणजे शांत ठिकाणच्या छावणीत जाणार होती. तिथे क्वार्टर मिळतं, बायकापोरांना नेता येतं. आठ वर्षांच्या संसारात एका छपराखाली आम्ही चौदा महिने राहिलो होतो. मागच्या पीसच्या वेळी क्वार्टर उशिरा मिळालं, मग मी बाळंतपणाला आले, मग मुलीची तब्येत, आणि जरा बस्तान बसतंय तोवर पलटणीला वर जायचा हुकूम आला. त्यामुळे या वेळचं पीस मला हवं होतं. मुलीला तर त्याहून. तिनं शाळेतल्या मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं की आम्ही आता बाबांच्या घरी राहायला जाणार. बाबांचं घर म्हणजे राजपुऱ्यातलं नव्हे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

लोक मला विचारतात, स्टाफरूममध्ये, बुधवाऱ्याच्या बाजारात भाजी घेताना, लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीत, “सीमेवर किती दिवस असतात हो?” मी समोरचं माणूस बघून उत्तर देते. खरं उत्तर असं आहे की दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं नसतात. कधी वीस महिने, कधी अडीच वर्षं. खाली आलेला माणूस पुन्हा वर जातो का? जातो. कधी तीन वर्षांनी, कधी सामान पूर्ण उघडायच्या आत. आणि यातलं काहीही फोनवर सांगायचं नसतं. तारीख सांगायची नाही, जागा सांगायची नाही. हे फोनवर फक्त “सब ठीक, जेवलो, तुम्ही?” एवढं बोलतात, आणि उरलेलं मी ओळखायचं.

मी मुळातच संशयी. देवळातला प्रसादसुद्धा ही पोरगी हुंगून खाते, असं माझी आई म्हणायची. त्यात अशा माणसाशी लग्न झालं ज्याला खरं सांगायची मनाई. मग काय, आयतंच कोलीत मिळालं. यांच्या आवाजावरून तिथली थंडी किती हे मी सांगू शकते. मागे जनरेटर वाजतोय की वारा, हे ऐकू येतं. मेथीचे लाडू पाठव म्हणाले की महिनाभर हलणार नाहीत. “आत्ता नको पाठवू” म्हणाले की बिस्तरा बांधायला घेतलाय. आठ वर्षांत मी क्वचितच चुकले.

तर त्या सकाळी चादर वाळत टाकून मी मनातल्या मनात यांची सुट्टी पुन्हा उलगडून पाहिली. आणि एकेक गोष्ट मला वाकडी दिसायला लागली. यांनी मागच्या पडवीचे गळके पत्रे बदलले होते. मोरीचा नळ बसवला होता. आईंच्या खाटेच्या पट्ट्या नव्यानं विणून घेतल्या होत्या. ज्याला दोन महिन्यांनी बायकोपोरीला घेऊन जायचंय तो माणूस पडवीचे पत्रे कशाला बदलेल? मी दोनदा क्वार्टरचं विचारलं होतं. एकदा म्हणाले, “लिस्ट नाही लागली अजून.” दुसऱ्यांदा म्हणाले, “बघू गं, होऊन जाईल.” आमचे हे असलं “होऊन जाईल” कधी म्हणत नाहीत. ते हो म्हणतात किंवा नाही म्हणतात. फौजेनं त्यांना तेवढी एक चांगली सवय लावलीय.

आता माझंही सांगून टाकते, नाहीतर म्हणाल ही बाई फक्त दुसऱ्याचंच उकरते.

मी पाच वर्षं अतिथी शिक्षक होते. दर वर्षी बोलावतील तर जायचं, नाही बोलावलं तर घरी. त्या वर्षी मी निवडीत आले. यांची सुट्टी सुरू व्हायच्या आठवडाभर आधी पक्क्या नेमणुकीचं पत्र आलं, आमच्याच शहरातल्या लालबागच्या शाळेचं. रुजू व्हायला मुदत होती. मी ते पत्र घडी घालून आमच्या निळ्या फायलीत ठेवलं आणि कोणालाही बोलले नाही. ना यांना, ना आईंना. मनात म्हटलं, आधी यांचं पक्कं होऊ दे. हे पीसला गेले आणि क्वार्टर मिळालं तर पत्र फाडून टाकू, कोणाला कळायचंही नाही. नाही गेले तर निदान आपल्या हातात काहीतरी असेल. खरंच फाडलं असतं का? तेव्हा मी स्वतःलाही हे नीट विचारलं नव्हतं. पाच वर्षं वाट बघितलेलं पत्र होतं ते.

पण पील दिसल्यावर मला वाटलं, झालं, यांना पुन्हा वर पाठवताहेत आणि हे मला सांगत नाहीयेत. एकदा वाटलं की माझं वाटणं थांबत नाही. हे जाऊन आठ दिवस झाले आणि नवव्या दिवशी मी लालबागला जाऊन रुजू झाले. आईंना म्हटलं, तात्पुरतं दुसऱ्या शाळेत पाठवलंय. त्या “बरं” म्हणाल्या. त्यांच्या “बरं” मध्येही मला काहीतरी लपलेलं दिसलं.

कारण पील कोणी ठेवलं हा प्रश्न होताच. यांनी जायच्या दिवशी सकाळी विळा घेऊन पिलं काढली हे मला माहीत होतं, मी शाळेत जायला निघाले तेव्हा ते बुंध्याशी उकिडवे बसलेलेच होते. पण मी दिवसभर घरात नव्हते. मला वाटलं, आईंनी ठेवायला लावलं असणार. लेकानं आईला खरं सांगितलं, माझ्यापासून लपवलं. माय-लेकांचं गुळपीठ असतंच. मग मी आईंवर नजर ठेवायला लागले. त्या पिलाला नळाचं सांडपाणी जास्तीचं सोडतात का, दिरांशी फोनवर बोलताना माझी चाहूल लागली की आवाज खाली आणतात का. आणि गंमत म्हणजे, त्याही माझ्याकडे तशाच बघत होत्या. मी अंगणात गेले की काहीतरी निमित्त काढून दारात येऊन उभ्या राहायच्या. एकदा मी पिलाच्या बाजूचं गवत उपटत होते तर म्हणाल्या, “कर, कर, सेवा कर त्याची.” तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. टोमणा आहे एवढं कळलं आणि मी तो कानाआड केला.

दीड महिन्यानं यांच्या पलटणीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हालचाल सुरू झाली. तो ग्रुप एरवी सणासुदीच्या शुभेच्छांनी भरलेला असतो. आता कोणी विचारत होती, तिथल्या शाळेत दुसरीला प्रवेश मिळेल का. कोणी कूलर न्यायचा का विचारत होती. एकीनं क्वार्टरचा फोटो टाकला, पिवळ्या भिंती, पुढे पेरूचं झाड. खाली बाकीच्या सगळ्या अंगठे दाखवत होत्या. मी पण एक अंगठा दाखवला आणि यांना मेसेज केला, “आपलं क्वार्टर?” दोन दिवस उत्तर नाही. मग आलं, “नेटवर्क नव्हतं. सांगतो.” नेटवर्क नव्हतं म्हणे. सकाळी त्यांनीच मुलीला हसरा चेहरा पाठवला होता.

मुलगी फोन घेऊन बसली होती. तो पिवळ्या भिंतीचा फोटो बोटांनी मोठा करून तिनं विचारलं, “आपला दरवाजा कोणता?” मी म्हटलं अजून कळायचंय. फार राग आला मला त्या दिवशी. यांचा आला, माझा आला, त्या पेरूच्या झाडाचा सुद्धा आला.

बुधवाऱ्यातल्या बँकेत दारावर बंदूक घेऊन बसणारे एक काका आहेत. फौजेतून नायक म्हणून निवृत्त झालेले. मी पेन्शनच्या कामासाठी आईंना घेऊन जायचे तेव्हापासून ओळख. त्या दिवशी मी एकटीच गेले आणि आडून आडून विचारलं, म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीचा नवरा आहे. काका हसले. मैत्रीण कोण ते त्यांना लगेच कळलं असावं.

“पूरी पलटण खाली उतरून राहिली आणि एक आदमी वरच राहून गेला, असं होते का, विचारू रायली ना तू?” काका म्हणाले. “होते बेटी. दोन प्रकारे होते. एक ऑर्डर. दुसऱ्या पलटणीत आदमी कमी आहेत, तुझं नाव निघालं, चल उचल पेटी. आणि दुसरी विलिंगनेस. म्हणजे साहेब विचारतात, कोणी खुशीनं अजून दोन साल करते का? ज्याले करायचं तो सही करून देते.”

“खुशीनं कोण करतं?” मी म्हटलं.

“करतात. ज्याचं त्याले माहीत.” मग बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात घेत ते म्हणाले, “एक गोष्ट सांगू का? ऑर्डर आली तर आदमी घरी फोन करून चिल्लावते. नशिबाले शिव्या देते, साहेबाले देते. तुझ्या मैत्रिणीचा नवरा चिल्लावला का?”

मी नाही म्हटलं.

“मग सही आहे,” काका म्हणाले आणि दार उघडून एका म्हाताऱ्या बाईला आत सोडलं.

घरी येईपर्यंत मी उकळत होते. हुकूम असता तर मी रडले असते, पण समजून घेतलं असतं. आठ वर्षं तेच करतेय. पण स्वतःच्या हातानं सही? मी घरात शिरले ती तशीच मागे अंगणात गेले, आई तिथे तांदूळ पाखडत बसल्या होत्या.

“हे पील तुम्ही ठेवायला लावलंत ना?” मी सरळच विचारलं.

आईंचा सुपावरचा हात थांबला. “मी? मी कसाले ठेवाले लावू? माह्या पोराले पुन्हा वर धाडाले?” त्यांचा आवाज चढला. “मले तर वाटलं तू सांगितलं त्याले ठेवाले!”

“मी?”

“मंग काय! तुले जायाचं नही त्याच्यासंगं, हे मले कळत नही का? नव्या शाळेत जाऊ रायली, नव्या साड्या घेतल्या, कधी एक पेटी भरली का तू? ग्रुपवर बाया पेट्या भरू रायल्या म्हणून माही नातच सांगते मले.”

मी खालीच बसले. दीड महिना आम्ही दोघी त्या पिलाभोवती मांजरींसारख्या फिरत होतो, त्या माझ्यावर लक्ष ठेवून आणि मी त्यांच्यावर, आणि पील दोघींपैकी कोणीच ठेवलं नव्हतं. यांनी स्वतःच ठेवलं होतं. आईंच्याही ते लक्षात आलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

“कापून टाकू का?” मी म्हटलं.

“नको. त्यानं ठेवलं ना. आता त्याच्या हाताचं आहे ते,” त्या म्हणाल्या.

मग मी आत जाऊन निळी फाईल काढली. आमच्या घरात सगळे कागद एकाच फायलीत असतात, यांचे, माझे, मुलीचा जन्मदाखला, घराची पावती. मला वाटलं यांनी सुट्टीत काहीतरी कागद आणला असेल, एखादी झेरॉक्स, एखादी चिठ्ठी, काहीतरी पुरावा हातात येईल. मी एकेक कागद काढून पलंगावर पसरला. यांचा एकही नवा कागद नव्हता. शेवटी माझं नेमणुकीचं पत्र हातात आलं.

रुजू होताना आधीच काढलेल्या झेरॉक्सवर भागलं होतं, मूळ पत्राला मी ठेवल्यापासून हात लावला नव्हता. मी ते छापील बाजू आत जाईल असं दुमडून ठेवलं होतं. मुद्दाम, म्हणजे फाईल चाळताना कोणाला शाळेचं नाव दिसायला नको. माझ्यासारख्या बाईला कागद कसा दुमडलाय हे विसरायला होत नाही. आता छापील बाजू बाहेर होती. घडी माझ्या घडीवरूनच पडलेली होती, कडा कडेला लावून, एकदम काटेकोर. फौजी माणूस चादरीची घडी घालतो तशी.

चोर पकडायला गेले आणि माझंच पाऊल उमटलेलं सापडलं. मी त्या पत्राकडे बघत किती वेळ बसले होते कोण जाणे. यांनी वाचलं होतं. वाचून काहीच बोलले नव्हते. मग पडवीचे पत्रे बदलले, नळ बसवला. मला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा भीती जास्त वाटली. माझ्या अंगातली संशयी बाई त्या क्षणी पहिल्यांदा गप्प झाली, कारण संशय घ्यायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

रविवारी दुपारी यांचा फोन आला. मी मुलीला शेजारी पाठवलं आणि म्हटलं, “तुम्ही सही केली.”

मग म्हणाले, “कोण बोललं?”

“कोणी नाही बोललं. केली की नाही?”

“केली.”

हो म्हणायचं तिथे ते हो म्हणतात, हे मी आधीच सांगितलंय.

“का?”

“तुला यायचं नव्हतं ना,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “फाईलमध्ये लेटर बघितलं. तू सांगशील म्हणून वाट बघितली. पूरी छुट्टी बघितली. नाही सांगितलं. मग म्हटलं, हिच्या मनात इथंच राहायचं आहे. आता मी पीसला गेलो आणि तू नाही आली, तर आई बोलेल, भाऊ बोलेल, अख्खं गाव बोलेल, नवरा बोलावतोय आणि ही जात नाही. मी फील्डला असलो तर तुला कोण विचारेल? फील्डला बायकोला कोणी नेत नाही.”

मी म्हटलं, “म्हणून पील ठेवलं?”

“पील काय, पील ठेवलं होतं नुसतं. तेव्हा काही पक्कं नव्हतं. साहेबानं विचारून ठेवलेलं, मी हो-नाही काही बोललो नव्हतो. म्हटलं, नाही जावं लागलं तर येऊन काढू. मग आईनं फोनवर सांगितलं, ती लालबागच्या शाळेत जाऊन राहिली. लेटरवर तेच नाव होतं. त्याच्या तिसऱ्या दिवशी सही केली.”

मी भिंतीला टेकले. मग मला जे सांगायचं होतं ते सांगितलं. “अहो, मी रुजू झाले ते तुम्ही पील ठेवलंत म्हणून. मला वाटलं तुम्हाला पुन्हा पाठवताहेत आणि तुम्ही लपवताय.”

वारा तेवढा वाजत होता, आणि मागे जनरेटर. मी सवयीनं ऐकत होते. मग ते म्हणाले, “जेवली का?” आणि मी हमसून हमसून रडायला लागले.

सही परत घेता येत नाही. मी काकांनाही विचारून आले, या वेळी मैत्रीण न लावता. ते म्हणाले, खुशीनं केलेली सही हुकुमाहून पक्की असते. पलटण खाली गेली, ग्रुपवर पेरूच्या झाडाखाली बायकांचे फोटो आले, आणि हे एकटे दुसऱ्या पलटणीबरोबर पुन्हा वर गेले. अजून दोन वर्षं. मुलीला मी काय सांगितलं असेल ते विचारू नका. तिनं वाद घातला नाही, मैत्रिणींशी मात्र बरेच दिवस बोलली नाही.

अंगणातलं ते पील वाढलं, त्याची केळ झाली, घड आला. हे सुट्टीवर आले तेव्हा आम्ही तो उतरवला आणि नियमाप्रमाणे एक पील ठेवलं, तिघांच्या साक्षीनं. त्या सुट्टीत आम्ही दोघं एकमेकांशी फार जपून बोललो. कागद आला की टेबलावर उघडा ठेवायचा, अर्धवट असला तरी, असं ठरलं. ठरवायला सोपं आहे. मला अजूनही एखादा कागद उशीखाली सारावासा वाटतो, आणि हे काही बोलता बोलता थांबले की माझे कान टवकारतात.

गेल्या आठवड्यात त्या पिलबागेचाही घड उतरला. दोन वर्षं भरत आली. यांना या वेळी पीस मिळायला हवं. हवं, असंच म्हणते. मी शाळेत दीर्घ रजेसाठी अर्ज लिहिला आहे. मिळेल की नाही हे आमच्या मुख्याध्यापिकाही सांगू शकत नाहीत. नाही मिळाली तर उन्हाळ्याची, दिवाळीची, मिळेल ती प्रत्येक सुट्टी तिथे जाऊन राहायची. पण अर्ज द्यायच्या आधी मी त्याचा फोटो काढून यांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “तारीख टाकायची राहिली.” खरंच राहिली होती.

काल सकाळी आईंनी विळा माझ्या हातात दिला. “या टायमाले तूच काढ,” म्हणाल्या. मी साडी खोचून बुंध्याशी बसले आणि सगळी पिलं काढली, लहान, मोठी, नुसता कोंब असलेलीसुद्धा. हात चिकट झाले, केळीच्या पाण्याचे काळे डाग साडीवर पडले, ते काही आता जायचे नाहीत. मग फोटो काढून यांना पाठवला. खाली लिहिलं, “सगळी काढली.”

पाच मिनिटांनी उत्तर आलं. “पाठीमागच्या बाजूचा पण पाठव.”

मला हसू आलं आणि लागलंही. हा माणूस पूर्वी असा नव्हता. कागदाची दुसरी बाजू बघायची सवय त्याला माझ्याच घरात, माझ्याच फायलीमुळे लागली. मी उठून बुंध्याच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला गेले. आणि तिथे, भिंतीच्या सावलीत, वीतभर उंचीचं एक पील होतं. मला दिसलंच नव्हतं. शपथ घेऊन सांगते, दिसलं नव्हतं.

विळा हातातच होता. आधी कापायचं आणि मग साफ जागेचा फोटो पाठवायचा, एवढं सोपं होतं. कोणाला कळलं असतं? मी क्षणभर तसं करायला वाकलेसुद्धा. मग विळा खाली ठेवला, पिलासकट फोटो काढला आणि पाठवला. लिहिलं, “हे एक राहिलं होतं. आत्ता दिसलं. काढते.”

या वेळी उत्तर लगेच आलं. “थांब. ते मी येऊन काढतो. कंदासकट.”

मी ते तीनदा वाचलं. कंद निघतो तो माणूस कायमचा खाली आला की, हा आईंचा नियम त्यांनाही ठाऊक होता. उलटून पालटून वाचलं. मग विळा धुऊन भिंतीला टेकवून ठेवला.

आई दारात उभ्या होत्या. “हे काय, पुन्हा ठेवू रायली?”

“ते स्वतः काढणार आहेत. कंदासकट, म्हणाले.”

आईंनी पिलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी बघत होत्या तसंच. “तारीख सांगितली त्यानं?”

“नाही,” मी म्हटलं. “मी विचारली नाही.”